अंगठा

लक्ष्मीपुरीत, धान्यबाजाराच्या कोपऱ्यावर माझं दुकान.
चार्जर, कव्हरं, फुटलेले डिस्प्ले.
मंगळवारी भर दुपारी गुंडाप्पा आवळे आले,
धोतराच्या सोग्यानं फोन पुसत म्हणाले,
"यासीन, ह्येचा आवाज गेलाय बघ."

मी स्पीकर तपासला. ब्रशनं जाळी झाडली.
दुसरं काहीतरी लावलं, तर ठणठणीत.
मग त्यांनी आपला व्हिडिओ दाखवला,
नात अपर्णानं तालमीच्या पायऱ्यांवर काढलेला:
खांद्याला हलगी, समोर विझत आलेल्या शेण्या,
हात उठतो, टिपरू पडतं,
पोरं नाचतायत, एकाची टोपी उडते
आणि ऐकू काही म्हणजे काही येत नाही.

खाली बारीक अक्षरांत:
या ध्वनीवर दुसऱ्याचा हक्क आहे.

"दुसरा कोण?"
मी कंपनीचं नाव वाचलं. दोनदा विकलेली,
आता तिसऱ्याच नावानं जगणारी.
त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं.
बराच वेळ काचेवर बोट फिरवत बसले.

"एकोणनव्वद साली एक जीप आलती.
शाहूपुरीत गुळाच्या वखारीवर एक खोली,
भितींना वाकळा टांगलेल्या.
सायेब म्हणाला, तीन मिंटात बसवा.
बसिवलं.
दीडशे रुपय दिलं, वर भजी.
कागदावर अंगठा घेतला.
कागद काय बोलत हुता, कुणाला ठावं!"

मी सांगितलं, आता माणूस नाही ऐकत, यंत्र ऐकतं.
आवाजाचाही अंगठा घेऊन ठेवलेला असतो.
जुळला, की झालं.

"म्हंजी माजा हात माज्याच हातासारका वाजला,
ह्यो गुन्हा?"

मी मान खाली घालून स्क्रू शोधत राहिलो.
याच काउंटरवर मी दहा वर्षं
मेमरी कार्डात गाणी भरून दिली,
वीस रुपयांना पाचशे.
मला कुणी काही विचारलं नव्हतं.

हरकतीचा अर्ज उघडला.
हक्क तुमचा आहे का? होय.
पुरावा जोडा.

ते खिसे चाचपू लागले:
तंबाखूची पिशवी, एसटीचा पास,
घडी फाटलेली आधारची झेरॉक्स.
मग दोन्ही हात काचेवर उताणे ठेवले,
बोटांच्या पेरांवर घट्टे, काळे, चकचकीत.
"ह्ये जोड."
मी फोटो काढला. जोडला.
तीस दिवसांत कळवू, असं आलं.

निघता निघता थांबले
आणि उभ्याउभ्याच काचेवर बोटांनी वाजवू लागले.
खाली कव्हरांच्या रांगा थरथरल्या.
तीच चाल, पण मध्येच एक ठोका मागं रेंगाळला,
आम्ही वाट बघितली,
मग तो आला, दोघांना हाताला धरून, धावत.
समोरचा हमाल पोतं पाठीवर घेऊनच उभा राहिला.

"ह्ये वळखंल का तुजं यंत्र?"
"हे कुठलं, काका?"
"बाचं. आदी असंच हुतं.
सायबाच्या तीन मिंटात मावंना,
म्हणून मी सरळ केलं."

शनिवारी अपर्णानं नवा व्हिडिओ चढवला,
वाकडा, साडेसात मिनिटांचा.
यंत्रानं ऐकला. सोडला.
पहिला अजून मुकाच आहे,
त्याच्यापुढं 'तपासणी सुरू' असं लिहिलंय.

मी दुकानातूनच ओरडलो, काका, पास!
ते हसले नाहीत. आत येऊन स्टुलावर बसले.

"चढवताना इचारतंय न्हवं ते,
मालकाची परवानगी हाय का म्हणून?
पोरीनं दाबलं, हाय.
म्हातारा जाऊन एकेचाळीस वर्सं झाली, यासीन.
इचारायचं ऱ्हायलंच की."

मग फोन कानाशी नेला.
"जरा आवाज वाढीव."