चढावरचा थांबा

किशिनाऊ. जानेवारी. ट्रॉलीबस डेपोच्या वरच्या मजल्यावर
माझं टेबल, आणि टेबलावर अख्खं शहर:
ठिपके म्हणजे थांबे, रेघा म्हणजे तारा,
प्रत्येक रेघेच्या डोक्यावर एक आकडा,
इतका भार सोसेल, याहून जास्त नाही.
अकराशे चल राशी. वरून एकच हुकूम:
यंदा वीज मोजून मिळणार,
कमीत कमीत भागवा.

‘कमीत कमी’ गणितात फार स्वच्छ दिसतं.
त्याला स्वेटर नसतो. गुडघे नसतात.

रात्रभर यंत्र उतरणीला लागलेलं,
सगळ्यांत खोल दरी कुठली, चाचपत.
पहाटे चारला थांबलं आणि म्हणालं,
पांढऱ्या खाणीच्या चढावरचा थांबा काढा.
खरंच होतं. चढावर थबकलेली गाडी पुन्हा हलते
तेव्हा तारेतून घटाघटा पिते,
आणि दोन गाड्या एकदम हलल्या
की उपकेंद्राला ठसका लागतो.
थांबाच नसला की थांबणं नाही,
थांबणं नसलं की तहान नाही.
बचत: चार पूर्णांक एक टक्का.
चढणारे-उतरणारे: दिवसाला नऊ.

मी नऊ लिहिलं आणि चहा टाकला.

खाली निकिफोर रेडिएटरवर हातमोजे सुकवत होता.
एकतीस वर्षं दहा नंबरच्या मार्गावर.
मला वाटलं, विचारेल: ते नऊ कोण, माहीत आहे?
नाही विचारलं.
कागद लांब धरून डोळे बारीक केले, म्हणाला,
“दोन गाड्या एकदम हलल्या तर... असं लिहिलंयस.
पण आम्ही जुने सातजण
एकदम हलतच नाही.”

सहा दहाची फेरी. मी त्याच्या पाठीमागे उभी.
चढावर दार उघडलं, आधी थंडी आत आली,
मग खारवलेल्या काकड्यांची बादली,
मग बादलीमागची बाई, सावकाश.
दार मिटलं. निकिफोर हलेना.
बोटानं काच टिचकावली:
व्होल्टमीटरची सुई साडेपाचशेवरून
घसरत, घसरत, चारशेऐंशीवर.
“वरच्या वळणावरून पारास्कोव्हिया निघाली.”
सुई थरथरली. उठली. स्थिरावली.
“आता आपण.”

फोन नाही, शिट्टी नाही. कुठल्या वहीत हा नियम नाही.
एकाच तारेला टेकलेली दोन माणसं,
मधे डोंगराचा उंचवटा,
आणि एकीची तहान दुसऱ्याला
एका सुईतून कळते.

माझ्या मॉडेलमधलं गृहीतक तिसरं:
‘चालक एकमेकांपासून स्वतंत्र.’
सोयीसाठी धरलं होतं.
सोयीसाठी मी सगळ्यांचे डोळे बांधले होते.

“आणि नवे चालक?” मी विचारलं.
“त्यांना घाई असते,” तो म्हणाला,
“त्यांच्यासाठी तू लिही की कागदावर.”

लिहिलं. एकच अट, दीड ओळीची:
सुई वर येईतो पाय पेडलवर नको.
यंत्र पुन्हा उतरणीला लागलं,
या खेपेला दुसऱ्याच दरीत.
बचत: तीन पूर्णांक आठ.
थांबा जागच्या जागी.

प्रत्येक अटीला आमच्याकडे एक सावलीची किंमत असते:
ती अट काढली तर किती वाचलं असतं, तेवढी.
गणित ती आपणहून सांगतं, न विचारता,
हिशेब चोख असलेल्या शेजाऱ्यासारखं.
नऊ माणसांच्या थांब्याची सावली
तीन दशांश टक्का.
ना फार लांब, ना अगदीच पायाशी.

संचालक बाईंनी अहवालावर पेन्सिल टेकवली:
“हे तीन दशांश गेले कुठे?”
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: चढावर.

त्यांनी सही केली की नाही, मला अजून कळलेलं नाही.
काकडी मात्र फार खारट होती. बाईनं दिली म्हणून खाल्ली.
दुपारपर्यंत पाणी पीत होते.