ढगाळ मे

गड्डीगोदामच्या पुलाजवळ बाबांचं दुकान होतं.
दुकान म्हणजे चार बांबू, एक ताडपत्री
आणि वाळ्याच्या मोळ्या, माझ्या डोक्याहून उंच.
कूलरच्या ताट्या बांधायचे ते.
तारेनं हात चिरलेले.
जेवणाआधी डोळे मिटून तळवे उघडले
की एखादी काडी हमखास वरणात पडायची.
आई ती बोटानं काढायची,
पण आमेन होईपर्यंत थांबून.

मार्च लागला की आमच्या घरी एकच मागणं:
देवा, ऊन पडू दे.
सगळं नागपूर सावली मागायचं,
सदरचे साहेब, मेडिकलच्या वॉर्डातले रोगी,
ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळलेले रिक्षावाले,
आणि आम्ही तिघं गच्चीवर गुडघे टेकून
सत्तेचाळीस मागायचो.
मला लाज वाटायची.
मी इतकं हळू मागायची
की देवाला ऐकू जावं,
शेजारच्या बेबीकाकूंना नको.

मी सहावीत गेले त्या वर्षी
नवतपा ओलाच गेला.
महिनाभर आभाळ भरलेलं. एकदा तर गारा,
लिंबाएवढ्या; पोरं डब्यात भरून नाचली.
बाबा ताडपत्रीखाली उभे, हातात पक्कड.
दीडशे ताट्या तयार,
इतवारीच्या दौलतसेठचा माल, सगळा उधारीवर.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले,
या गारव्यासाठी उपकार मानू या.
सगळे उभे राहिले. बाबापण.
त्यांचं आमेन मी कान देऊन ऐकलं,
कुठे चिरलंय का ते.
नव्हतं.

परतताना पुलाखाली मी थांबले.
"आपण तर ऊन मागितलं होतं ना?"
"मागितलं होतं."
"मग?"
डोक्यावरून कोळशाची मालगाडी चालली होती.
ती संपेपर्यंत बाबा गप्प.
मग म्हणाले,
"गाव पण त्याचंच हाय ना वं.
मी ऊन मागणं सोडलं आता.
भाकर मागतो.
कोणत्या रस्त्यानं धाडायची, ते त्यानं पाहावं."

पुढे चमत्कार झाला असं मी सांगणार नाही.
दौलतसेठचा माणूस आला, वही उघडली,
चहा घेतला, वही मिटली,
पुढच्या साली बघू म्हणाला, व्याज लावून गेला.
मेयोतल्या एका सिस्टरनं,
जिच्या खोलीच्या ताट्या बाबांनी कधी फुकट बांधल्या होत्या,
अर्धं पोतं तांदूळ पाठवला.
किडका होता. आईनं तीन दुपारी निवडला.
शाळेत फी भरायला गेले तर बाई म्हणाल्या, भरलीय.
कोणी? पावतीवर नाव नव्हतं.
अक्षर मात्र आठवतं मला, उजवीकडे झुकलेलं.
आणि आईच्या दोन बांगड्या गेल्या त्या गेल्याच.
त्यांच्याबद्दल वरून काही कळलं नाही.

उरलेल्यातली एक ताटी
बाबांनी बादलीत बुडवली
आणि बेबीकाकूंच्या खिडकीला बांधली.
सुनेचं लेकरू तीन दिवसांचं,
दमट उकाडा, लाइन गेलेली.
रात्रभर गल्लीत वाळ्याचा वास.
आम्ही गच्चीवर पडून तो ओढून घेत होतो,
आपलाच माल, आणि फुकट.
बाबा झोपेत हसल्यासारखे दिसले.
की मला तसं वाटलं.

आता मनीषनगरात माझ्याकडे एसी आहे.
बाबा नाहीत.
मे महिन्यात टीव्हीवर आकडा येतो, पंचेचाळीस, सेहेचाळीस,
मी जेवायला बसते, डोळे मिटते
आणि अडते.
गारवा मागावा, तर कुठल्या तरी पुलाजवळ
कोणाच्या ताट्या पडून असतील.
मग काही मागत नाही.
तळवे नुसते उघडे ठेवते.
आमेन झाल्यावर डोळे उघडते.
वरण स्वच्छ असतं.
तरी एकदा बोट फिरवून बघते.