येते म्हणावं

शुक्रवारी दुपारीच ह्यांनी हीटिंग अठरावरून एकवीसवर नेलं,
कुणी बघत नाही ना, हे बघून.
मी बघत होते, कणीक मळता मळता.
बत्तीस वर्षं वॉर्डात रात्रपाळी केलेली बाई मी,
दबकी पावलं मला ऐकू येणार नाहीत?

ब्रिस्टल ते ग्रँथम, नकाशात चार तास,
निनादच्या गाडीत साडेपाच,
कारण बेथनला कॉफी लागते
आणि इराला दर अर्ध्या तासाला शू.
दार उघडलं तर आधी थंडी आत आली,
मग लाल गमबूट, मग एक मळका पेंग्विन,
आणि पेंग्विनच्या मागे ती.
‘आज्जी, तू छोटी झालीस.’
झाले असेन. मोजलंय कुणी?

हवेच्या गादीचा पंप बिघडलेला,
म्हणून हे तोंडानेच फुगवत बसले,
आयुष्यभर डिझेलची इंजिनं जोडलेले गृहस्थ,
गाल फुगलेले, डोळे पाण्याने भरलेले,
आणि सात वर्षांची पोर शेजारी उभी राहून
‘अजून, अजून’ म्हणत होती.

बेथन थालीपिठावर मार्माइट लावून खाते.
पहिल्या वर्षी मी तोंड फिरवलं होतं.
आता बरणी मीच आणून ठेवते,
लोणच्याच्या शेजारी.

सोमवारी स्केगनेस. फेब्रुवारीत समुद्रावर जायचं
हे वेड ह्यांचंच. सीनियर रेलकार्डं,
डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा,
बॉस्टनच्या पुढे कोबीच कोबी,
आणि वारा असा की कानात सुया.
गाढवंसुद्धा हिवाळ्याच्या सुट्टीवर गेलेली.
ओहोटी होती. वाळू संपेचना.
इरा थांबली. ‘आजोबा, समुद्र कुठे गेला?’
‘गेला म्हणू नये. येतो म्हणून निघालाय.’
‘कुणाला म्हणाला?’
ह्यांना उत्तर सुचलं नाही. पुरी पुढे केली.

गुरुवारी सकाळी गाडीत बॅगा, बॅगांवर मेथीची जुडी,
पेपरात गुंडाळलेली, परसातल्या शेडमध्ये जगवलेली.
इरा मला मिठी मारून म्हणाली, ‘आज्जी, मी जाते.’
‘जाते नाही गं. येते म्हणावं.’
‘पण मी तर जातेय.’
निनाद हसला. बेथन हसली नाही,
नवं काही शिकताना तिची जी मान तिरकी होते
तशी तिरकी करून ऐकत राहिली.
इराने विचार केला. सीटबेल्ट लागला, काच खाली आली.
‘येते,’ ती म्हणाली, ‘पण ईस्टरला. त्याच्या आधी नाही.’

एवढा चोख हिशेब मी कधी दिला नव्हता.
मिरजेच्या फलाटावर मीही म्हटलं होतं, येते,
नव्या कोटाची बटणं चुकीच्या काजात लावलेली,
आणि आईने विचारलं नाही, कधी.
सहा वर्षांनी आले तेव्हा
तिने फक्त कोट पाहिला. ‘हाच का तो?’ म्हणाली.

पहाटे चारला जाग आली, नेहमीसारखी.
नोकरी सुटली, फेरी सुटत नाही.
छोट्या खोलीत गादी अर्धी मावळलेली,
माझ्या पायाखाली एक मोजा, पिवळा, डावा की उजवा कोण जाणे.
जिन्यापाशी डायल अजून एकवीसवर.
गॅसच्या युनिटचा दर ज्यांना तोंडपाठ आहे
ते आत झोपले होते, किंवा झोपल्यासारखे.
मी डायलपर्यंत बोट नेलं
आणि तसंच मागे घेतलं.

सकाळी चहा घेताना हे म्हणाले,
बिल बघ हं या महिन्यात.
बघते म्हटलं.
आणि मेथीच्या उरलेल्या कुंड्या शेडमधून आणून
हॉलच्या रेडिएटरजवळ मांडल्या,
ऊब आहे तोवर.