खोटं गिऱ्हाईक

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, कारखान्याची माडी.
कूलरचं पाणी संपलेलं, दुपारचे तीन.
खाली माग थडाथडा, वर मी
एका बटणाची परीक्षा घेते.

'जतन करा' हे त्याचं नाव.
दराचा रकाना रिकामा असेल तर दाबलं जाऊ नये.
घाईत दोनदा दाबलं
तर एका गाठीची दोन बिलं होऊ नयेत.
गेल्या दिवाळीत झाली होती;
येमूल शेठ तो किस्सा अजून सांगतात,
हसत नाहीत.

सर्व्हर खोटा. तारीख खोटी,
कायमची एकतीस मार्चवर थांबवलेली.
गिऱ्हाईक हवं होतं कुणीतरी
म्हणून नाव टाकलं: नरसय्या गुंडेटी.
माझे वडील.
बत्तीस वर्षं टॉवेल तपासले, विकत एकही घेतला नाही.
आधी उजेडात धरायचे, मग डोळे मिटून बोट फिरवायचे.
एकदा सलग शंभर नग बिनचूक निघाले
तर उठले, हात धुऊन आले,
पुन्हा पहिल्यापासून बसले.

आज सत्तावन्न चाचण्या, सगळ्या हिरव्या.
मी कंपोनंटमधली एक ओळ मुद्दाम मोडते,
बटण उघडं सोडते, पुन्हा चालवते.
तरीही सत्तावन्न.
म्हणजे एक झोपलीय.
सापडते: बटणाकडे न बघताच
वर्षभर 'बरोबर' म्हणत होती.
तिला जागं करते. लाल.
हं, आत्ता कसं.

ओळ जागेवर ठेवून घरी जाते.
रात्री हे सगळं आपोआप चालेल:
नरसय्या गुंडेटी बाराशे डझन मागवतील,
दर लिहायचा विसरतील,
आणि बटण त्यांना
नाही म्हणेल.