चौदा नावं

वडनेरेबाईंनी यादी काढली
पाठकोऱ्या बिलावर, लग्नातल्या मानपानासारखी.
चौदा नावं, समोर रंग.
"टाकी सहा फुटी आहे, मुश्ताकभाई,
मावतील की."

मावतील. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये
काय मावत नाही?
मावण्याचा प्रश्न नाही बाई, म्हटलं,
प्रश्न रात्री दिवा मंद झाल्यावरचा.
कोण कुठल्या कपारीत झोपणार?

मी पेन काढलं.
लायनफिश देखणा. पदर सावरत फिरतो,
पण तोंडात जे मावेल ते त्याचं जेवण,
आणि क्लाउनची जोडी मावते.
बाईंनी रेघ मारली, हात जरा थांबवून.
ट्रिगर शिंपले फोडतो,
तुम्हाला सोफ्यावर आवाज येईल.
रेघ.
पिवळा टँग, जांभळा टँग एकाच दिवशी सोडू,
म्हणजे आधी कोण आलं, हा वाद नको.
बुजऱ्या फायरफिशला सगळ्यात आधी,
दादा लोकांना सगळ्यात शेवटी.
आणि मँडरिनला वर्षभर थांबा.
तो दगडावरचे डोळ्याला न दिसणारे जीव टिपतो,
दगड जुने व्हावे लागतात.
नव्या टाकीत तो
भरल्या घरात उपाशी मरतो.
"वर्ष?"
वर्ष.

पाणी मीच कालवलं.
गंगेचंच, धरणातून नळाला, नळातून आरओला,
मग पोत्यातलं मीठ, काटा एक पॉइंट शून्य पंचवीसवर.
हजार-दीड हजार किलोमीटर चालून
जे तिला शेवटी व्हायचंय
ते मी इथेच करून टाकतो, बादलीत, काठीने ढवळून.

आमचं आडनाव कोकणी.
जन्म कोकणीपुऱ्यात. समुद्र पाहिला
एकतिसाव्या वर्षी, अलिबागला.
आधी बोट बुडवून चाखला.
वाटलं, मीठ जरा जास्त पडलंय.

सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.
मग त्यांच्या शार्दूलने कॉलेज रोडवरून
एक निळा डॅमसेल आणला.
अंगठ्याएवढा, अडीचशे रुपयांचा,
यादीत नसलेला.
"एवढासा तर आहे काका."

एवढासाच होता.
तिसऱ्या आठवड्यात फायरफिश
पाइपच्या मागून बाहेर यायची बंद झाली,
क्लाउनची शेपटी करवतीसारखी,
आणि दीड वीत लांबीचा टँग
कोपरा धरून उभा, शाळेत उभं केल्यासारखा.
जाळं टाकलं की निळा गायब.
प्रत्येक भोक त्याच्या ओळखीचं.

शेवटी रविवारी सगळे दगड बाहेर काढले.
चार तास.
बाई गाऊनचा काठ खोचून टब धरून उभ्या,
संगमरवरावर खारं पाणी,
शार्दूल टॉर्च धरून गप्प.
रिकाम्या टाकीत तो मधोमध थांबला
आणि जाळ्यावरच चाल करून आला.

पिशवी स्कूटरला लावली.
अशोकस्तंभाच्या सिग्नलला पाहिलं:
मागचा माणूस हॉर्न वाजवतोय
आणि हा पिशवीतून त्याच्याकडे रोखून बघतोय.

दुकानात ठेवला तर कुणाच्यातरी घरी जाणार,
म्हणून वर आणला, माझ्या खोलीत.
खाली दोन भाऊ, त्यांच्या बायका, सात पोरं,
एक जिना, आणि वर मी,
नऊ वर्षांपासून, वेगळ्या स्टोव्हवर.
कारण आता कुणाला धड आठवत नाही.
बहुतेक नळाची वेळ.

दोन फुटांची टाकी होती पडून. एक दगड ठेवला.
दहा मिनिटांत त्याचा झाला.
मग काचेत कोणीतरी दिसलं त्याला,
निळं, त्याच्याच मापाचं,
आणि रात्रभर टकटक.

सकाळी तीन बाजूंना काळा कागद लावला,
स्वतःशी भांडून थकू नये म्हणून.
चौथी बाजू तशीच ठेवली.
ती माझ्या पलंगाकडे आहे.