पान उघडेपर्यंत

पोर्तो मोन्तच्या आमच्या ऑफिसात
पान दीड सेकंदात उघडायचं.
वरती समुद्र: ड्रोनने टिपलेला, निळाशार, हलता,
आणि त्याच्याखाली, जागा उरली तिथे,
लाँचच्या वेळा.
मीच केलं होतं. मालक खूश होता.

फेब्रुवारीत धक्क्यावरचं तिकिटाचं यंत्र बिघडलं
म्हणून आपियाओ बेटावर गेलो.
काम आटपून टेकडी चढलो तर
सायप्रसच्या बुंध्याला पाठ टेकून
ओतिल्या मिल्यालोंको उभी.
बेटावर रेंज फक्त तिथे,
तीही वारा दक्षिणेचा असला तर, असं ती म्हणाली.
(मी हसलो नाही. लहरींचं तिला
माझ्याहून जास्त कळत असावं.)
पायाशी बटाट्यांची दोन पोती,
हातात तडकल्या काचेचा फोन.

"वेळ बघतेय."
मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.
पांढरं.
पांढरंच.
मग वरून एक निळी पट्टी, बोटभर.
थांबली.
मग आणखी एक.
माझा समुद्र
तिच्या तळहातावर ओघळत होता
गळक्या नळासारखा.

एकदाची वेळ दिसली. तिने बोट नेलं.
तेवढ्यात वर जाहिरात येऊन बसली,
सगळं चार बोटं खाली घसरलं
आणि बोट पडलं 'हॉटेल बुक करा'वर.
पुन्हा पांढरं.

"अशीच करते ही," ती म्हणाली,
"धार काढायला बसलं
की सरकणाऱ्या गाईसारखी."

आणि तिच्या पाठीमागे, खाली,
खराखुरा समुद्र,
कुणाचीही वाट न पाहता पूर्ण उघडलेला.
त्यावर पिवळी लाँच
धक्क्यापासून सुटत होती.

दोघांनी एकदमच पाहिली.
ती माझीही लाँच होती.
ओतिल्या काही बोलली नाही. पोती ओढून
सावलीत नेली, उद्यापर्यंत बटाटे तापू नयेत म्हणून.

रात्री तिच्याच स्वयंपाकघरात
चुलीच्या उबेला बसून कापत गेलो.
ड्रोनचा समुद्र काढला.
सहा वळणांची अक्षरं काढली,
त्यातली दोन मलाच वेगळी ओळखता येत नव्हती.
लोक किती वेळ थांबतात हे मोजणारी
चार मापकं लावली होती, काढली;
त्यांच्यामुळेच तर लोक थांबत होते.
शेवटी उरल्या नुसत्या वेळा,
पांढऱ्यावर काळ्या,
अकरा किलोबाइट.
बटाट्याच्या सालीइतकं वजन.

सोमवारी मालक म्हणाला, "समुद्र कुठाय?"
म्हटलं, "होता तिथेच."
त्याला हसू आलं नाही.

मार्चमध्ये ओतिल्याचा फोन आला.
मला वाटलं, आभार मानेल.
"उघडतं आता," म्हणाली,
"टेकडी अर्धीच चढले तरी उघडतं.
पण गुरुवारची वेळ चुकलीय.
साडेसात लिहिलंय तू. ती पावणेसातला सुटते.
आधीही चूकच होती म्हणा.
आता लवकर कळते, एवढंच."