कूस

अकराला एक, एकला दुसरी,
तीनला तिसरी, पाचला उजाडायच्या आधीची.
पंधरा दिवसांत गजर लावायची गरज उरली नाही.
सेलूच्या फाटकातून मालगाडी गेली
की झोपेतच माझे हात उठायचे,
एक खांद्याखाली, एक कमरेखाली,
गुडघ्यांच्या मध्ये उशी.
उशीत बाबांनी जिनिंगमधून आणलेला कापूस.
एखादी सरकी राहून गेली
तर सकाळी माकडहाडावर लाल खूण.
मी आरसा धरायची, बघ मुंजा, इथं.
तो म्हणायचा, मव्हं नाही ते,
दुसऱ्याचं असंल कुनाचं.

मे महिन्यात पोरं विहिरीत उड्या मारतात,
त्यात नवल काय.
मागच्या साली पाणी तिसऱ्या पायरीला होतं.
विहीर खोटं बोलली नाही,
तिला कुणी विचारलंच नाही.
बुडाच्या खडकावर बसकण आपटली त्याची,
मांडीभर पाण्यात,
आणि वर काढताना म्हणाला,
ताई, मव्हे पाय खाली कुनी धरलेत का?

घाटीत दोन महिने.
पाठीत दोन सळया, स्क्रू किती ते बाबांना पाठ.
फिजिओच्या मॅडम म्हणाल्या,
पायांकडं नका बघू, दंडांकडं बघा.
आई पायांकडंच बघत राहिली.

घरी आलो तर माणसांची रीघ.
कुणी करडीच्या तेलात लसूण उकळून आणला,
कुणी काळा दोरा, कुणी एका बाबाचा मोबाइल नंबर.
पाथरीची मावशी दारातूनच,
चालंल ना रं माझं लेकरू?
तो म्हणाला, मावशे, तू बस आधी.
मी तर बसलेलोच हाय.

दर चार तासांनी नळी.
नर्सनं मला शिकवली होती.
तो भिंतीकडं तोंड करायचा,
मी समोरच्या कॅलेंडरकडं.
हात आपलं काम करायचे,
आम्ही दोघं तिथं नसायचो.
त्या वर्षीच्या सगळ्या चतुर्थ्या मला अजून पाठ आहेत.

एकदा त्यानं ताट भिरकावलं.
वरण भिंतीवर, आई रडायला लागली.
मी फडकं त्याच्या मांडीवर टाकलं,
तूच पूस.
तीन दिवस वरण वाळलं.
चौथ्या दिवशी खुर्ची भिंतीला लावून
हात पुरला तिथवर त्यानं पुसलं.
त्याच्या वर एक पिवळा डाग आहे अजून,
रंग द्यायचं निघालं की तो म्हणतो, राहू द्या.

बाबांनी जुन्या पाटाची फळी रंधली,
पलंगावरून खुर्चीत सरकायला,
काचपेपर मारून मारून
स्वतःच्या गालावर फिरवून बघितली.
पहिल्यांदा तो मधेच घसरला.
मी धावले तर बाबांनी माझा दंड धरला,
थांब म्हणाले.
थरथर त्यांच्याच हाताला होती.

मग पोळ्याच्या आसपास कधीतरी,
ताई, भायेर जा.
अन् नळी?
येती मला. दार ओढून घे.

मी ओट्यावर बसले.
आत काहीतरी पडलं, त्यानं शिवी दिली,
पुन्हा शांतता.
अकरा मिनिटं.
मी उठले, बसले, कडीला हात लावला, काढला.
आणि मग प्लास्टिकच्या बाटलीत
बारीक धार वाजली.
आठ दिवसांनी नळाला पाणी आल्यावर
रिकाम्या हंड्यात जशी वाजते तशीच,
आधी थांबत थांबत, मग सलग.

ऐकत व्हतीस ना गं? आतून आवाज.
लाज नाही तुला.
नाही, म्हणाले मी.

आता एकची मालगाडी जाते,
माझे हात अजून उठतात.
अंधारात पलीकडं पलंग करकरतो.
तो गजाला धरून स्वतःला ओढतो,
मग एकेक पाय उचलून ठेवतो,
शेजारणीचं झोपलेलं लेकरू ठेवावं तसा,
हळू.
थोड्या वेळानं विचारतो, ताई, जागी हैस?

मी उत्तर देत नाही.
हात पांघरुणात घेते.